नॉटइनलाइन ही आज्ञा आहे

माझ्या कंपायलरमध्ये दोन सूचना आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही, हे मी ज्याला ज्याला शिकवले त्याला पहिल्याच दिवशी सांगितले आहे. पहिली सूचना ‘इनलाइन’. ती विनंती आहे. कंपायलरला पटली तर त्याने ती मानावी, नाही तर सोडून द्यावी. मी जाब विचारणार नाही. दुसरी ‘नॉटइनलाइन’. ती आज्ञा आहे. तिथे कंपायलरला कोणी मत विचारलेले नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. प्रोग्राममध्ये एकेका कामाला नाव दिलेले असते. त्या नावाच्या कामाला फंक्शन म्हणतात. ते जिथे हवे तिथे त्याला नावाने हाक मारायची, ते उत्तर देते, आणि आपण पुढे जायचे. हाक मारून उत्तर घेण्यात यंत्राचा थोडा वेळ जातो. म्हणून कंपायलर, म्हणजे आपले लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, कधी कधी एक युक्ती करतो. तो त्या फंक्शनचा सगळा मजकूरच हाक मारणाऱ्याच्या घरात उतरवून ठेवतो, म्हणजे हाकच उरत नाही. यालाच इनलाइन करणे म्हणतात, आणि नॉटइनलाइन म्हणजे असे मुळीच करायचे नाही, दर वेळी हाकच मारायची. वेळ वाचतो. शिवाय दोन मजकूर शेजारी आले की कंपायलरमधला ऑप्टिमायझर, म्हणजे काटकसर बघणारा भाग, त्यांतले जे निरुपयोगी दिसेल ते खरवडून टाकतो. या युक्तीला माझा विरोध नाही. माझ्या कंपायलरमध्ये ती मीच घातली. परंतु मजकूर एकदा उतरवून घेतला की मूळ फंक्शन बदलले तरी नक्कल जुनीच राहते. आणि लिस्प ही भाषा मी तरुणपणी पत्करली तीच मुळी या गुणासाठी, की तिच्यात चालू प्रोग्राममधले फंक्शन प्रोग्राम न थांबवता बदलता येते.

मी बुधीबाई. डहाणूच्या कॉलेजात गणित शिकवले, निवृत्त झाले, डहाणूतच मसोलीला राहते. जन्म तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला. आमच्या गावातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली बाई, आणि लिस्पचा कंपायलर लिहिणारी बहुधा शेवटची, असे माझी नात रोशनी एकदा म्हणाली. ‘शेवटची’ हा शब्द मी तिला मागे घ्यायला लावला, कारण तोपर्यंत तीही त्याच कामात पडली होती. आज कंपायलरमधला ऑप्टिमायझर बहुतांशी तिच्या हातचा आहे, आणि तो माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेले नाही.

गावाचे दोन पाडे, वरचा आणि खालचा. ओढ्याशी सौरपंप, मधल्या टेकाडावर टाकी, आणि टाकीखालच्या पंपघरात भिंतीवर एक डबा. डब्यातला लहानसा संगणक टाकीची पातळी वाचतो आणि कोणत्या पाड्याचा व्हॉल्व्ह उघडायचा ते ठरवतो. ठरवतो असे म्हणणेही चूक आहे. ठरवतात पाडे. डबा विचारतो, आणि विचारतो ते ‘पाणीपाळी’ नावाच्या एका छोट्या फंक्शनला.

आमच्याकडे लग्नघराने पाणी मागायचे नसते. मागणे कमीपणाचे. दुसऱ्या पाड्याने ते आपणहून सोडायचे, आणि सोडले हे बोलून दाखवायचे नाही. विहीर होती तेव्हा लग्नाच्या दिवशी दुसऱ्या पाड्याच्या बायका विहिरीकडे फिरकत नसत. एवढ्यावरून सगळ्यांना सगळे समजे. पंप बसला तेव्हा खालच्या पाड्याचा सुक्या मुद्दाम मसोलीला आला होता.

“बाई,” तो म्हणाला, “विहिरीवर न जाणे आम्हाला येत होते. आता नळावर न जाणे कसे करायचे?”

पाणीपाळी हे त्या प्रश्नाचे उत्तर. ज्या पाड्याला पाणी सोडायचे असेल तो बसतो, ठरवतो, आणि मला फोन करतो. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पाणीपाळीची नवी व्याख्या लिहिते आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून डब्याकडे पाठवते. पंप थांबत नाही, कोणाला कळत नाही, पाणी आपोआप वळते. लग्नाला वेगळे, मयताला वेगळे, कोणाच्या घरी बाळंतीण असली तर आणखी वेगळे. म्हणून त्या प्रोग्रामच्या माथ्यावर, सगळ्यांच्या आधी, मी एक ओळ लिहून ठेवली आहे: पाणीपाळी नॉटइनलाइन.

वैशाखात वरच्या पाड्यातल्या काकड्याच्या मुलाचे लग्न होते. आदल्या दिवशी सुक्याचा फोन आला, मी पाळी बदलली, आणि डब्याने स्वीकारल्याचा निरोप पाठवला. मी निश्चिंत झाले.

लग्न उरकले आणि हिरी माझ्या दारात येऊन उभी राहिली. हिरी माझ्या लहानपणची. वरच्या पाड्यातली धवलेरी आहे ती, म्हणजे आमच्याकडे लग्न लावणारी बाई. मांडवात तिच्या शब्दापुढे नवऱ्याचा बापही गप्प असतो. आम्ही दोघी आमच्याच बोलीत बोलतो. इथे ते मराठीत लिहिते आहे.

“बस, हिरे.”

“बसायला नाही आले. तुझा तो डबा इथे घरी पण ठेवला आहेस का एखादा? त्याला दोन शब्द सुनवायचे आहेत.”

“काय झाले?”

“हळद लावून नवरा आंघोळीला बसला आणि हंडा कोरडा. नळ कोरडा. मी आपली गाणे म्हणते आहे. गाणे संपले, पुन्हा पहिल्यापासून धरले. किती वेळ धरणार? तो पोरगा पिवळा होऊन बसला आहे उन्हात आणि पोरीबाळी हसतात.”

“खालच्या पाड्याने पाणी सोडले होते. सुक्याने मला फोन केला होता.”

हिरीने माझ्याकडे टक लावून पाहिले. “सोडले असते तर आले असते. वरचे सगळे म्हणतात, खालच्यांनी दिले नाही. काकड्याने तोंडातून शब्द काढला नाही. ओढ्यावर टेम्पो पाठवला, पिंपे भरून आणली. आणि खालचे लग्नाला आले ते मांडवाच्या बाहेरच बसले. जेवले नाहीत.”

“ते का?”

“त्यांच्या नळाला दिवसभर पाणी होते म्हणून. त्यांना वाटले, आम्ही त्यांचे पाणी परत फिरवले. दिलेले घेतले नाही. सुक्याची बायको मला म्हणते, एवढा राग होता तर आमंत्रण कशाला दिलेत.”

“आणि कोणी कोणाला विचारले नाही?”

“काय विचारायचे? पाणी का दिले नाही म्हणून? तू विचारशील? मोठी कॉलेजात शिकवत होतीस म्हणून रीत विसरलीस काय?”

विसरले नव्हते. दोन पाडे एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते आणि दोघांनाही आपण रीत सांभाळली असे वाटत होते. खरे तर सांभाळलीही होती. निरोप नेणाऱ्याने दगा दिला होता, आणि तो निरोप्या माझा होता.

“चहा तरी घे,” मी म्हटले.

“डब्याला पाज,” हिरी म्हणाली आणि बसच्या वेळेआधीच निघून गेली.

मी रोशनीला बोलावून घेतले आणि तिच्यासमोर पाणीपाळीवर ट्रेस लावला. ट्रेस म्हणजे पहारा. फंक्शनला कोणी हाक मारली की पडद्यावर एक ओळ उमटते. आम्ही थांबलो. डबा टाकीची पातळी वाचत होता, व्हॉल्व्ह उघडत होता, मिटत होता. पडद्यावर ओळ उमटेना.

“नेटवर्क गेले असेल,” रोशनी म्हणाली.

“बाकीचे आकडे येत आहेत.”

मग मी डब्यात गेलेला यंत्रभाषेतला मजकूर काढून वाचला. माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, परंतु नसलेली हाक दिसायला डोळे लागत नाहीत. पाणीपाळीचे नाव कुठेच नव्हते. दिवाळीनंतरची जुनी पाळी जशीच्या तशी मुख्य फेरीत, म्हणजे डबा अखंड चालवत असतो त्या भागात, उतरवून ठेवलेली होती. त्या पाळीत बिनपाळीचे, म्हणजे एका पाड्याच्या वाट्याचे दुसऱ्याला, पाणी सोडण्याचा प्रसंग नव्हता, म्हणून ऑप्टिमायझरने बिनपाळीचे पाणी सोडणारा अख्खा भागच निरुपयोगी ठरवून खरवडला होता. लग्नाची नवी व्याख्या डब्यात पोचली होती. डब्याचा निरोप खोटा नव्हता. तिला कोणी विचारत नव्हते, एवढेच.

“रोशनी, नॉटइनलाइनची माझी ओळ प्रोग्राममध्ये आहे?”

“आहे.”

“मग ती पाळली का गेली नाही?”

तिने लॅपटॉप अर्धा मिटला. खोटे ती बोलत नाही. “मी कंपायलरमध्ये एक स्विच घातला आहे, आजी. कंपनीने मागितला होता, आणि दिवाळीनंतर आपल्या डब्याचे बिल्डही मी त्यानेच केले. डब्यात घालायचे अंतिम बिल्ड करताना सगळा प्रोग्राम एक गठ्ठा समजायचा आणि लहान फंक्शने सरसकट आत घ्यायची. सूचना काहीही असो.”

“काहीही असो.”

“प्रोग्राम अर्ध्यावर आला. मुख्य फेरी इतकी हलकी झाली की साधी चिप पुरते. तू आकडे तरी बघ.”

“आकडे बरोबरच असतील. तू काढले आहेस.”

“मला वाटले, डबा भिंतीवर गेला की तो गेला. पुढे कोणी काही बदलत नाही. सगळीकडे तसेच असते.”

“लग्नाला मी पाळी बदलते हे तुला ठाऊक होते.”

“ठाऊक होते. वाटले, दर वेळी नवीन बिल्ड करून पाठवतेस.”

“पंप बंद करून? लग्नाच्या सकाळी?”

तिने लॅपटॉप पुरता मिटला. मुंबईच्या वसतिगृहात वाढलेल्या मुलीला पाड्यातली रीत माहीत असते, पण ती रीत कोणत्या ओळीत राहते ते माहीत नसते. तो दोष मी तिच्या एकटीच्या माथी मारणार नाही. तरी त्या दिवशी मी तिच्याशी पुढे बोलले नाही.

आता कंपनीविषयी. पाण्याच्या योजनांना असले डबे पुरवणारी ती मुंबईची कंपनी आहे. नाव लिहिण्याचे कारण नाही. तिला माझा कंपायलर हवा होता, आणि आमच्या गावासारख्या पुष्कळ गावांतून हा डबा बसवायचा होता. करार झाला तर रोशनी डहाणूतच राहून काम करणार होती. न झाला तर तिला हैदराबादची नोकरी घ्यावी लागणार होती. या वयात मला घरात दुसऱ्या माणसाची चाहूल आवडू लागली आहे. मी हे रोशनीला बोलले नव्हते आणि तिनेही ते विचारले नव्हते.

कंपनीच्या दिपक नावाच्या अधिकाऱ्याला मी फोन केला. कराराची बैठक तलासरीत हायवेवरच्या हॉटेलात ठरली होती. मी सांगितले, बैठक आमच्या पंपघरासमोर होईल.

“मॅडम, तिथे प्रोजेक्टर लावता येईल?”

“भिंत आहे,” मी म्हणाले.

दिपक आला तेव्हा दोन्ही पाडे आलेले होते आणि दोन बाजूंना बसलेले होते. मधल्या मोकळ्या जागेत एकटी हिरी बसली होती, कारण तिला कुठे बसावे हे सांगण्याची कोणाची छाती नव्हती. मी दिपकला थांबायला सांगितले आणि आधी पाड्यांशी बोलले.

“खालच्या पाड्याने लग्नाला पाणी सोडले होते. वरच्या पाड्याने ते परत फिरवले नव्हते. मधे माझ्या कंपायलरने तोंड घातले. नवे सांगितलेले त्याने ऐकूनच घेतले नाही, जुनेच चालवले. बोल लावायचा तर मला लावा.”

काकड्या सुक्याकडे न पाहता म्हणाला, “म्हणजे तुम्ही सोडले होते?”

सुक्याही दुसरीकडेच पाहत होता. “मी काही म्हणालो का?”

“आता म्हणालास तरी चालेल,” हिरी म्हणाली. “डब्याने सगळे उघडे केलेच आहे.”

“सोडले होते,” सुक्या म्हणाला. “दोन दिवसांचे सोडले होते. आमच्या बायकांनी आदल्या दिवशी भरून ठेवले आणि नळाला हात लावला नाही. नळ आपला वाहतो आहे, वाहतो आहे. शेवटी मीच जाऊन बंद केला.”

“आणि मी टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या,” काकड्या म्हणाला.

कोणीतरी हसले. बसण्याच्या जागा लगेच बदलल्या नाहीत, पण माना वळल्या.

दिपक हे सगळे नीट ऐकत होता. तो उद्धट मनुष्य नव्हे. त्याने प्रोजेक्टर लावलाच नाही. “मॅडम, झाले ते वाईट झाले. पण उपाय सोपा आहे. लग्न, मयत, बाळंतपण, जे काही प्रसंग असतील ते या लोकांनी एकदाच सांगावेत. आम्ही ते सगळे पाणीपाळीत लिहून टाकू. मग ती बदलण्याची वेळच येणार नाही, आणि आत घेतली तरी बिघडणार नाही.”

तर्कात खोट नव्हती. जे कधी बदलणार नाही ते खुशाल आत घ्यावे, हे मीच वर्गात शिकवत आले. मी म्हटले, “विचारा त्यांना.”

“लग्न,” सुक्याने सुरुवात केली. “वर लग्न असले तर खालचे पाणी वर.”

“किती वेळ?” दिपकने विचारले.

“मांडव उतरेपर्यंत.”

“तो केव्हा उतरतो?”

“ते पाहुण्यांवर आहे.”

“काकड्याचे पाहुणे असले तर उतरतच नाही,” मागून आवाज आला.

“बरे, दोन्ही पाड्यांत एकाच दिवशी लग्न असले तर?”

“मग दोघांनी सोडायचे,” काकड्या म्हणाला.

“दोघांनी सोडले तर पाणी जाणार कुठे, काका?”

“ते बसून ठरवू.”

“तेच विचारतो आहे. बसून काय ठरवाल?”

“बसल्यावर कळेल ना.”

“मागे एकदा झाले होते तसे,” सुक्या म्हणाला. “तेव्हा हिरीने एक लग्न पुढे ढकलले.”

“ते मी ढकलले नाही,” हिरी म्हणाली. “मी एकटी दोन मांडवांत कशी गाणार? त्यांना आपोआप कळले.”

दिपक हसला. मग त्याने दुसरा मार्ग काढला. “ठीक आहे. प्रसंग आला की आमच्या ऑफिसला फोन करा. आम्ही नवीन बिल्ड करून पाठवू. दोन-तीन कामाचे दिवस धरा.”

“चालेल,” हिरी म्हणाली. “तोपर्यंत नवऱ्याला हळद लावून उन्हात बसवते.”

या वेळी दोन्ही बाजू एकदम हसल्या. दिपकच्या चेहऱ्यावर मात्र आता कामाचा भाव आला. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मॅडम, या गावापुरते पाणीपाळी नॉटइनलाइन ठेवू. मी लिहून देतो. इथले बिल्ड तुम्हीच करा, आम्ही हात लावणार नाही. पण कंपायलरमधला स्विच राहू द्या. इतर ठिकाणी काय आत घ्यायचे ते आम्ही ठरवू. एवढ्यावर आज सही होईल.”

रोशनीने माझ्याकडे पाहिले. पाड्यांचे काम झाले होते. करार होत होता. मुलगी घरी राहत होती.

“बाई, आमचे तर भागते यात,” काकड्या हळूच म्हणाला.

“तुमचे भागते,” मी म्हणाले. “तुम्हाला कळले, कारण तुमच्या मधे हिरी बसली आहे आणि तिने बसने मसोलीपर्यंत येऊन माझी खरडपट्टी काढली. दुसऱ्या गावात डबा लागेल. तिथले लोक काहीतरी ठरवतील, डबा ‘स्वीकारले’ म्हणेल, आणि जुनेच चालवील. आपल्याला कोणी विचारत नाही हे त्यांना कळणारही नाही. ते एकमेकांवर रुसतील.”

“तिथे सूचना न पाळण्याचा निर्णय आम्ही विचार करूनच घेऊ,” दिपक म्हणाला.

“दिपकराव, तुम्ही विचारी गृहस्थ आहात, पण माझ्या भाषेत तुमच्या विचारासाठी जागा ठेवलेली नाही. ‘इनलाइन’ लिहिले असेल तर तुमचा ऑप्टिमायझर विचार करो. काहीच लिहिलेले नसेल तर जरूर करो. ‘नॉटइनलाइन’ लिहिले असेल तर ज्याने ते फंक्शन लिहिले त्याने विचार करून झालेला आहे. आज्ञेवर स्विच बसवला की ती विनंती होते. मग मला माझ्या भाषेत एकच सूचना आहे असे शिकवावे लागेल. या वयात मी अभ्यासक्रम बदलणार नाही.”

“मॅडम, वेगाचा फरक—”

“फरक आहे. तो माझ्या नातीने साधला आहे आणि तिला त्याचा अभिमान असावा. ज्या फंक्शनांना मनाई नाही त्यांतून तुम्ही हवा तेवढा वेग काढा.”

“मग करार होणार नाही.”

“होऊ नये.”

त्याने कागद बॅगेत ठेवले. निघताना तो रोशनीपाशी थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “तू तरी समजावून बघ त्यांना.” रोशनीने मान हलवली, हो की नाही ते मला दिसले नाही. गाडी तलासरीच्या रस्त्याला लागली. काकड्याने खालच्या पाड्याला जेवून जायला सांगितले. लग्नाचे जेवण राहिले आहे, असे तो म्हणाला नाही, पण बोकड कापलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसोलीला मी टेबलाशी बसले. माझा राग उतरलेला नव्हता, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नव्हती.

“इनलाइनचा सगळा भाग काढून टाक,” मी रोशनीला सांगितले. “आजपासून कोणतेही फंक्शन कोणाच्या घरात उतरणार नाही. ज्याला काम असेल तो हाक मारील.”

“नाही,” रोशनी म्हणाली.

या घरात मला उद्देशून हा शब्द फारसा वापरला गेलेला नाही. मी चष्मा काढला.

“टाकीची पातळी मोजणारी दोन ओळींची फंक्शने आहेत,” ती म्हणाली. “ती कोणी बदलत नाही, त्यांना कोणी मनाई केलेली नाही. त्यांनी काय केले? दिपकला वेग हवा म्हणून त्याने सरसकट आत घ्यायला लावले. तुला राग आला म्हणून तू सरसकट बाहेर काढायला लावतेस. कोणी काय लिहिले आहे ते तुम्ही दोघेही वाचत नाही.”

“माझी बरोबरी दिपकशी करतेस?”

“करते. आज सकाळपुरती.”

“कंपायलर मी लिहिला आहे, रोशनी.”

“म्हणूनच तुलाही स्विच नको.” ती माझ्याकडेच पाहत होती. “चाचणीसाठी म्हणून तू स्वतःला एक पर्याय ठेवला आहेस, आठवते? तो लावला की सगळ्या सूचना बाजूला पडतात. मी कंपनीचा स्विच लिहिला तो त्याच्यावरूनच. कंपनीचा काढते तर तुझाही काढते. नाही तर दोन्ही राहू देत.”

मी उठून खिडकीपाशी गेले. माझ्या डोळ्यांत डोळे घालून उलट उत्तर देणारी ही मुलगी आठवडाभरात हैदराबादच्या नोकरीला होकार कळवणार होती, आणि काल मी जे केले त्यामुळेच कळवणार होती. तिने त्याचा उल्लेख केला नाही. वादात तो तिला उपयोगी पडला असता.

“काय लिहिले आहेस ते दाखव,” मी म्हटले.

ती बदल पहाटेच करून बसली होती. ऑप्टिमायझर एखादी हाक पाहतो तेव्हा ती आत घ्यायची की नाही हे तो पूर्वी आकारावरून, हाकेच्या पोटात आणखी किती हाका आहेत यावरून, किती ठिकाणांहून हाक येते यावरून ठरवायचा, आणि मनाईची तपासणी त्या सगळ्यानंतर होत असे. रोशनीने ती सर्वांत वर आणली होती. तिच्या आधी कोणताही पर्याय वाचला जात नव्हता. बाकी सारा वेगाचा बंदोबस्त तिने खाली जसाच्या तसा ठेवला होता. मी ओळ न् ओळ वाचली. चूक सापडावी अशी मनापासून इच्छा होती.

“एक राहिले,” मी शेवटी म्हणाले. “फंक्शन लिहिणाऱ्याने मनाई केली आहे, आणि हाक मारणारा त्याच्या जागी लिहितो, ‘इथे इनलाइन’. मग?”

“मी त्याला परवानगी दिली आहे. तेवढ्या जागेपुरती. बहुतेक लिस्पमध्ये तसेच आहे.”

“आपल्यात नाही. मनाई लिहिणाऱ्याची वरचढ. आणि गुपचूप निवाडा करू नकोस. कंपायल तिथेच थांबव आणि दोन्ही ओळी दाखव. ज्यांचा वाद आहे ते समोरासमोर येऊ देत.”

ती विचार करून म्हणाली, “हे बरोबर आहे.” आणि लिहू लागली.

मग तिने कंपनीचा स्विच काढला. त्यानंतर कर्सर माझ्या पर्यायावर आणून ठेवला आणि हात मागे घेतला. मी काढावा अशी तिची अपेक्षा होती. मी तिला म्हटले, तू सुरुवात केलीस, तूच पुरे कर. तिने तो काढला.

पडताळा घेण्यासाठी मी स्वतः बसले. पाणीपाळीची ओळ प्रोग्रामच्या माथ्यावर होती. मी माझा जुना पर्याय लावून बिल्ड करायला सांगितले, ज्याने आजवर कधी मला नाही म्हटले नव्हते. कंपायलर थांबला. असा पर्याय नाही, असे त्याने कळवले. मी मुख्य फेरीत ‘इथे इनलाइन’ लिहून पुन्हा सांगितले. पुन्हा थांबला, दोन्ही ओळी दाखवल्या, आणि खाली रोशनीने घातलेला संदेश आला: पाणीपाळी आत घेता येणार नाही, मूळ लेखिकेची मनाई आहे.

“मूळ लेखिका मीच आहे,” मी म्हणाले.

“मग जाऊन मनाईची ओळ पुस. उघड, सगळ्यांना दिसेल अशी.”

“पुसणार नाही.”

“मग चालव तशीच.”

मी ‘मूळ लेखिकेची’ हे शब्द काढून संदेश साधा करायला लावला, कारण पुढे हे वाचणाऱ्याला माझ्याशी कर्तव्य नाही. दुपारी दोन्ही पाड्यांचे नळ बंद असताना सुक्याला सांगून पंप एकदाच थांबवला आणि नवे बिल्ड डब्यात घातले. संध्याकाळी कंपायलरची ती आवृत्ती आम्ही सर्वांसाठी खुली केली. दिपकरावांनाही मी कळवले की ती घ्यायला त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. फक्त तिच्यात त्यांना हवा असलेला स्विच नाही, आणि तो पुन्हा बसवून मागितला तर या घरातून दोन नकार येतील.